साखळी अपघातात नेहमी ‘मागचाच दोषी’ नसतो!

एकामागोमाग तीन गाड्या धडकल्या की रस्त्यावर जमलेली मंडळी दोन मिनिटांत निकाल लावतात – ‘मागच्यानं ठोकलं, मागच्यानंच भरायचं.’ कोर्टात मात्र हिशोब वेगळा होतो.

पुढची गाडी अचानक थांबली तरी धडक टळेल एवढं अंतर ठेवणं मागच्यावर बंधनकारक आहे. त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर जातो, हे खरंच. पण पुढच्याला सगळंच माफ नाही. कोइमतूरजवळ २०१७ मध्ये महामार्गावर एका कारनं अचानक ब्रेक मारला. मागचा दुचाकीस्वार विद्यार्थी कारला धडकून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या अंगावरून गेली. त्याचा पाय कापावा लागला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोष असा वाटला – कारचालक ५० टक्के, बसचालक ३० टक्के, तर अंतर न ठेवणारा, वैध परवाना नसलेला विद्यार्थी २० टक्के. त्याची भरपाई तेवढ्यानंच कापली गेली. महामार्गावर थांबायचं तर मागच्याला इशारा द्यायलाच हवा, हा त्यातला मुद्दा.

आपल्याकडे गळीत हंगामात हे जास्त लागू पडतं. बिनदिव्याची, बिनरिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली रात्री रस्त्यातच उभी असेल, तर मागून धडकणाऱ्याचीच सगळी चूक कशी? वाहन धोकादायक रीतीनं उभं करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ नुसार मनाई आहे.

तीन गाड्यांत खरी गोची मधल्याची होते. तो वेळेत थांबला होता आणि तिसऱ्यानं त्याला पुढच्यावर ढकललं, तर बोजा तिसऱ्यावर. तो आधीच पुढच्याला धडकला असेल, तर दोष वाटला जातो. म्हणून पुढच्याला धक्का एक बसला की दोन, हे पंचनाम्यात आलंच पाहिजे.

आत बसलेल्या प्रवाशाचा काही दोष नसतो. दोन चालक दोषी असतील तर तो कुणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच स्पष्ट केलंय. दावा मात्र सहा महिन्यांच्या आत दाखल करा.

तेव्हा जखमींना आधी दवाखान्यात हलवा. मग गाड्या बाजूला घेण्याआधी फोटो काढा आणि साक्षीदारांचे नंबर घ्या. रस्त्यावरची तडजोड कोऱ्या कागदावर सही करून तर मुळीच करू नका.