पन्नास हजारांचे दरपत्रक

प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ नावाच्या पायरीवर ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळते, आणि २०१५ साली अमलात आलेल्या या योजनेच्या अर्जासोबत जी कागदपत्रे जोडावी लागतात त्यांत घ्यावयाच्या यंत्रसामग्रीचे दरपत्रक ही एक आवश्यक बाब असते. तालुक्याच्या गावी लग्नाच्या चित्रीकरणाचे मिक्सिंग, अल्बमची मांडणी आणि चौकाचौकांत झळकणारे शुभेच्छाफलक यांवर उदरनिर्वाह करू पाहणारा तरुण असा अर्ज घेऊन बँकेत जातो, तेव्हा ते दरपत्रक बहुधा दुकानदाराने आपल्या शिलकी मालाकडे पाहून तयार केलेले असते. तरुणाने त्यावर विश्वास टाकलेला असतो, आणि शाखाधिकारी खालच्या बेरजेवर नजर फिरवून कागद पुढे सरकवतो. वस्तुतः त्या सात-आठ ओळींवर पुढील चार-पाच वर्षांचा धंदा उभा राहायचा असल्यामुळे त्या ओळी घेणाऱ्याने स्वतः, आपल्या कामाचे स्वरूप समोर ठेवून लिहाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

महापालिकेच्या दप्तरी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे भारदस्त नाव असूनही ज्याला कोणी लॅमिंग्टन रोडखेरीज दुसऱ्या नावाने ओळखत नाही, त्या मुंबईच्या रस्त्यापासून जिल्ह्याच्या बाजारपेठेपर्यंत असेंबल करून देणाऱ्यांचा एक ठरीव नमुना झालेला आहे. प्रथम ग्राफिक कार्ड, मग काचेच्या बाजूचे व रंगीत दिव्यांचे कॅबिनेट, त्याच्याबरोबर फुकटात आलेला एसएमपीएस, आठ जीबीची एकच रॅम, आणि उरलेल्या पैशांत बसेल तो मॉनिटर. हा क्रम लबाडीतून आलेला आहे असे मी म्हणणार नाही. दुकानात येणारी बहुतेक पोरे खेळांसाठी येतात, आणि खेळाला तो क्रम शोभतोही. परंतु खेळात यंत्राला क्षणोक्षणी नवे चित्र निर्माण करावे लागते, तर संपादनात आधीच घडी घालून ठेवलेले चित्र उलगडावे लागते, आणि या दोन श्रमांची जात निराळी आहे.

ही घडी कशी असते हे समजले म्हणजे खर्चाचा निम्मा प्रश्न सुटतो. कॅमेऱ्यातून येणारे चित्रीकरण बहुधा एच.२६४ या २००३ सालच्या, किंवा तिच्यानंतर दहा वर्षांनी आलेल्या एचईव्हीसी या पद्धतीने आवळलेले असते. तीत प्रत्येक चौकट संपूर्ण साठवलेली नसून मधूनमधून एखादी पूर्ण चौकट आणि तिच्यापुढे केवळ बदलांची नोंद असा प्रकार असतो. ज्या रोजकीर्दीत आरंभीची शिल्लक एकदाच लिहिलेली आहे आणि पुढे नुसती जमा-नावे आहे, तिच्यातील मधल्याच एखाद्या दिवसाची शिल्लक विचारली तर कारकुनाला मागे जाऊन सारी बेरीज नव्याने करावी लागते. संपादक मंगलाष्टकांच्या चित्रात पुढेमागे सरकू लागला की प्रोसेसरवर नेमकी हीच वेळ येते. म्हणून इंटेलने २०११ पासून आपल्या प्रोसेसरांतच क्विक सिंक नावाची स्वतंत्र व्यवस्था बसवली, आणि लग्नाच्या मिक्सिंगवाल्यांत वर्षानुवर्षे रूढ असलेले एडियस तिचा चांगला उपयोग करून घेते. आता गंमत अशी, की २०२२ साली आलेला आणि अल्प खर्चाच्या यंत्राला आजही पुरेसा असलेला कोअर आय५-१२४०० ज्या दुकानात मिळतो, तेथेच १२४००एफ हा त्याचा किंचित स्वस्त भाऊही मिळतो; त्या शेवटच्या अक्षराचा अर्थ असा की आतील चित्रव्यवस्था, आणि तिच्याबरोबर क्विक सिंकही, बंद केलेली आहे. दरपत्रकात हे एक अक्षर घुसले की ग्राफिक कार्ड घेणे सक्तीचे होते. कार्डातही उलगडण्याची सोय असते हे खरे, परंतु नव्या मिररलेस कॅमेऱ्यांतून येणारे दहा बिटांचे ४:२:२ एचईव्हीसी चित्रण एनव्हिडियाच्या ५० मालिकेपूर्वीच्या कार्डांना झेपत नाही, आणि इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत व्यवस्थेला ते झेपते. सबब, एफ नसलेला प्रोसेसर घ्यावा आणि कार्डाची खरेदी पुढे ढकलावी, ही माझी पहिली शिफारस.

वाचलेली रक्कम कोठे जावी? प्रथम रॅममध्ये. दहा फूट बाय आठ फुटांचा फलक इंचाला ७२ बिंदू या हिशेबाने केला तर त्यात ८,६४० गुणिले ६,९१२, म्हणजे सुमारे सहा कोटी बिंदू होतात, आणि छपाईच्या चार शायांसाठी प्रत्येकी एक बाइट धरला तर फोटोशॉपमधला एकेक भरलेला थर जवळजवळ २४० एमबी जागा व्यापतो. साहेबांचे छायाचित्र, मागचा सूर्योदय, खाली कार्यकर्त्यांचे पंचवीस गोल चेहरे (आणि यांतला एकही चेहरा गाळण्याची प्राज्ञा नसते), असे थर चढत गेले म्हणजे आठ जीबीच्या यंत्राचा श्वास का कोंडतो हे उघड आहे. निदान सोळा जीबी, तीही आठ-आठच्या दोन पट्ट्यांत, म्हणजे दोन्ही वाहिन्या चालू राहतात, आणि शक्य तर चार खाचांचा मदरबोर्ड. दुर्दैवाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृतीच्या चकत्यांची मागणी इतकी वाढवली आहे की २०२५ च्या डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल हा आपला किरकोळ विक्रीचा विभागच बंद करण्याचे जाहीर केले. सहा महिन्यांपूर्वीचे दरपत्रक रॅमच्या बाबतीत आज रद्दी समजावे.

मॉनिटरविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. आयपीएस पॅनेलचा, एसआरजीबी रंगपट्टा जवळजवळ पूर्ण दाखवणारा घ्यावा. वधूचा शालू पडद्यावर किरमिजी आणि अल्बमात विटकरी निघाला, तर ग्राहक पॅनेलची जात विचारत नाही.

परंतु ज्या दोन वस्तू दरपत्रकात कधीच मानाने येत नाहीत, त्यांच्यासाठी मी हट्ट धरीन. एक एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या खोक्यावर ४५० वॅट छापलेले असते खरे, पण त्या आकड्याला कोणाचा दाखला नसतो. ज्या गावांत वीज येताजाता हिसके देते तेथे ८० प्लस प्रमाणपत्राचा एसएमपीएस आणि साधा यूपीएस हीच खरी विम्याची तरतूद होय, शिवाय पुढे कार्ड घेतले तर हाच एसएमपीएस ते पेलतो. दुसरी वस्तू म्हणजे जादा हार्ड डिस्क. कामाची फाईल एनव्हीएमई एसएसडीवर असावी, पण मूळ चित्रीकरणाची प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क यंत्राबाहेर असलीच पाहिजे. अल्बम पुन्हा छापता येतो, गाणे पुन्हा बसवता येते. अक्षता पुन्हा पडत नाहीत.

यावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्हींत तथ्य आहे. ज्याचे काम प्रामुख्याने डाविंची रिझॉल्व्हमध्ये रंगसंस्काराचे आहे, त्याची सारी भिस्त ग्राफिक कार्डावर असते, तेव्हा त्याने माझा क्रम उलटा करावा. दुसरा आक्षेप अॅपलच्या मॅक मिनीचा: एम४ चकतीचे, सोळा जीबीचे ते इवलेसे यंत्र २०२४ साली आपल्याकडे ५९,९०० रुपयांना आले, आणि चित्रीकरण उलगडण्यात ते आमच्या असेंबल केलेल्या यंत्राला सहज मागे टाकील. परंतु ती किंमत पडदा, कळफलक वगळून आहे, रॅम पुढे वाढवता येत नाही, एडियस त्याच्यावर चालत नाही, आणि रक्कम शिशु कर्जाच्या मर्यादेबाहेर जाते.

सॉफ्टवेअरची ओळ दरपत्रकात नसतेच, कारण दुकानदार ‘सगळे टाकून देतो’ म्हणतो. या तीन शब्दांत चोरी आणि व्हायरस दोन्ही एकत्र येतात. रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती, इंकस्केप आणि क्रिता यांवर धंद्याचा आरंभ सन्मानाने होऊ शकतो. अठरा टक्के जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या बिलावर माल घेण्याचा मोहही असाच. बँकेला तर पक्के बिल लागतेच, आणि पुढे एखादा भाग बिघडला की हमीचा दावाही त्याच कागदावर उभा राहतो.

बँकांनी, म्हणूनच, ‘कॉम्प्युटर सेट, एक नग’ असे दरपत्रक स्वीकारू नये. प्रत्येक भागाचे पूर्ण नाव, मॉडेल क्रमांक आणि हमीची मुदत यांचे तीन रकाने असल्याखेरीज अर्ज दाखलच करून घ्यायचा नाही, एवढी तजवीज शाखेच्या पातळीवर होऊ शकते. तिला ना अध्यादेश लागतो ना निधी. दुकानदार कुरकुर करतील की एवढे लिहीत बसायला वेळ कोणाला आहे. पण तेच क्रमांक हमीसाठी त्यांना पक्क्या बिलावर लिहावे लागतातच. ते आठ दिवस आधी लिहावेत, इतकेच मागणे आहे.