विश्लेषण : घरचे पोर संघात की बाजारात?

२५ मे २०२४. वेम्ब्लीवर एफए कपची अंतिम लढत. बलाढ्य मँचेस्टर सिटीला मँचेस्टर युनायटेडने २-१ असे हरवले आणि युनायटेडचे दोन्ही गोल अकादमीतून आलेल्या मुलांनी केले. अलेहांद्रो गार्नाचो आणि कोबी मेनू, दोघेही अवघे १९ वर्षांचे. त्यांच्यावर भरवसा टाकणारे मॅनेजर एरिक टेन हाग यांना पाच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, क्लबने नारळ दिला. गार्नाचोची २०२५ च्या उन्हाळ्यात चेल्सीला विक्री झाली.

अकादमीतल्या तरुणांना मुख्य संघात संधी द्यावी का, या प्रश्नावर चहाच्या टपरीवरही एकमत होते : द्यावीच! पण ज्याने संघाची यादी लिहायची, त्याच्यासमोर शनिवारचा सामना असतो आणि नोकरीही असते. चाहत्यांच्या उत्साहापेक्षा या दोन गोष्टी जास्त निर्णायक ठरतात.

मॅनेजर कचरतो कशाला?

अकादमीतला खेळाडू पिकायला तीन-चार वर्षे लागतात. सलग सहा सामने हरले की मॅनेजरची खुर्ची डळमळते. म्हणजे झाड लावणारा एक आणि आंबे खाणारा दुसराच. मग १८ वर्षांच्या मुलाची चूक पोटात घालण्यापेक्षा तिशीतला अनुभवी खेळाडू खेळवणे त्याला सोयीचे वाटते. तो खेळाडू फार चमकणार नसेल, पण घातही करणार नाही. मॅनेजरच्या जागी बसून पाहिले तर यात गैर काही नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न निव्वळ त्याच्या धाडसावर सोडून भागत नाही.

गेल्या काही वर्षांतली ठळक उदाहरणे पाहा. अनेकदा संधी मिळाली ती मजबुरीतून. चेल्सीवर २०१९ मध्ये फिफाने खेळाडू खरेदीची बंदी घातली. बाहेरून कोणी आणता येईना, तेव्हा फ्रँक लॅम्पार्ड यांनी मेसन माउंट, रीस जेम्स, टॅमी अब्राहम, फिकायो टोमोरी यांना मैदानात उतरवले. संघ चौथा आला. पुढे लॅम्पार्ड गेले, थॉमस टुखेल आले आणि २९ मे २०२१ रोजी पोर्तोमध्ये चेल्सीने चॅम्पियन्स लीग जिंकली. काय हाव्हर्ट्झच्या त्या एकमेव गोलचा पास माउंटचा होता. जेम्सही पहिल्या अकरांत होता. बंदी नसती तर या मुलांना एवढे सामने मिळाले असते का? मला शंका आहे.

बार्सिलोनाचेही तेच. तिजोरीत खडखडाट, २०२१ मध्ये मेसीला निरोप. एप्रिल २०२३ मध्ये झावी यांनी लामिन यमालला बेटिसविरुद्ध उतरवले तेव्हा तो १६ वर्षांचाही नव्हता. सव्वा वर्षात तो स्पेनकडून युरो स्पर्धा जिंकून बसला. उपांत्य फेरीत फ्रान्सविरुद्ध त्याने केलेला गोल अनेकांनी मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिला असेल. त्या स्पर्धेत आणखी एक गंमत झाली. जर्मनीतल्या कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या खेळाडूंना रात्री अकरानंतर काम करता येत नाही, त्यामुळे यमालला किती वाजेपर्यंत खेळवायचे यावर बातम्या रंगल्या होत्या. ज्याच्यावर देशाची मदार, तो कायद्याने अजून मूलच होता.

‘पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही’

हे मत समालोचक अ‍ॅलन हॅन्सन यांनी बीबीसीवर मांडले होते, ऑगस्ट १९९५ मध्ये. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी त्या उन्हाळ्यात पॉल इन्स, मार्क ह्यूज आणि आंद्रेई कांचेल्स्किस या बड्या खेळाडूंना जाऊ दिले होते आणि पहिल्याच सामन्यात युनायटेड अ‍ॅस्टन व्हिलाकडून ३-१ हरले. त्याच हंगामात बेकहॅम, स्कोल्स, बट आणि नेव्हिल बंधूंच्या साथीने युनायटेडने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. तेव्हापासून हॅन्सन यांचे वाक्य थट्टेचा विषय झाले.

मात्र ही गोष्ट सांगताना अर्धा भाग नेहमी गाळला जातो. त्या संघात गोलात पीटर श्मायकेल होता, बचावात स्टीव्ह ब्रूस, गॅरी पॅलिस्टर आणि डेनिस अर्विन, मध्यभागी रॉय कीन, आणि ऑक्टोबरमध्ये बंदी संपवून एरिक कँटोना परतला. पोरे खेळली ती अशा थोरांच्या मधोमध. हॅन्सन चुकले हे खरे, पण नुसत्या पोरांनी विजेतेपद मिळवले हेही खरे नाही. तरुणाला संधी द्यायची म्हणजे त्याच्या डावी-उजवीकडे कोण उभे आहे हेही मॅनेजरने ठरवायचे असते. संघ ०-३ ने मागे असताना शेवटच्या दहा मिनिटांत कोणाला तरी ढकलायचे आणि ‘संधी दिली’ म्हणायचे, याला अर्थ नाही.

हिशेबाची गोम कुठे आहे?

आता आकड्यांकडे येऊ, कारण खरी मेख इथे आहे. प्रीमियर लीगमध्ये क्लबला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंडांचा तोटा करता येतो, असा नियम राहिला आहे. समजा, क्लबने १० कोटी पौंडांना खेळाडू विकत घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. ताळेबंदात हा खर्च एकदम दिसत नाही, दरवर्षी २ कोटी असा विभागून दिसतो. अकादमीतला खेळाडू मात्र विकत आणलेला नसतो, त्यामुळे वहीत त्याची किंमत शून्य. तो ४ कोटींना विकला तर ते सगळे ४ कोटी त्याच वर्षीचा नफा! म्हणजे घरचे एक पोर विकले की १० कोटींच्या दोन नव्या खेळाडूंचा त्या वर्षीचा बोजा भरून निघाला. शिवाय अकादमीवर केलेला खर्च या तोट्याच्या मर्यादेत धरलाच जात नाही.

हेतू चांगला होता. क्लबांनी मुले घडवण्यावर हात आखडता घेऊ नये म्हणून ही सवलत. घडले उलटे : मुलाला खेळवण्यापेक्षा विकणे किफायतशीर ठरले. चेल्सीची यादीच पाहा. टोमोरी मिलानला गेला आणि इटलीचा विजेता झाला. अब्राहम रोमाला. माउंट २०२३ मध्ये मँचेस्टर युनायटेडला, कॉनर गॅलाघर २०२४ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदला. मार्क गेही क्रिस्टल पॅलेसला गेला आणि २०२५ मध्ये त्या क्लबने एफए कप जिंकला तेव्हा कर्णधार होता. युनायटेडही मागे नाही. अकादमीत लहानाचा मोठा झालेला स्कॉट मॅकटॉमिने २०२४ मध्ये सुमारे अडीच कोटी पौंडांत नापोलीला विकला गेला. पहिल्याच हंगामात नापोली विजेता आणि मॅकटॉमिने लीगचा सर्वोत्तम खेळाडू!

२०२६-२७ पासून या नियमाऐवजी संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवणारा नियम आणायचे प्रीमियर लीगच्या क्लबांनी ठरवले. पण खेळाडू विक्रीचा नफा त्यातही मोजला जातो. त्यामुळे मोह संपत नाही. माझ्या मते लीगने इथेच हात घालायला हवा : अकादमीतल्या खेळाडूच्या विक्रीचा नफा पाच वर्षांत विभागून दाखवावा, जसा खरेदीचा खर्च विभागतात. एका बाजूला हप्ते आणि दुसऱ्या बाजूला रोकड, हे गणित सरळ नाही.

संधीचा अतिरेक

दुसरी बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. बार्सिलोनाच्या अन्सू फातीने २०१९ मध्ये १६ व्या वर्षी पदार्पण केले. सव्वा वर्षात गुडघ्याला गंभीर दुखापत, एकामागून एक शस्त्रक्रिया. त्यातून सावरत असतानाच २०२१ मध्ये मेसीची १० क्रमांकाची जर्सी त्याच्या अंगावर चढवली गेली. पुढे तो उसना म्हणून ब्रायटन, मग मोनाको असा फिरला. पेड्री २०२०-२१ च्या हंगामात क्लब, युरो आणि ऑलिम्पिक मिळून ७३ सामने खेळला. तेव्हा त्याचे वय होते १८. त्यानंतर स्नायूंच्या दुखापतींनी त्याचा दोन-तीन वर्षे पिच्छा पुरवला. गुणवान पोर हाती लागले की स्वस्तात मस्त म्हणून त्याला राबवून घ्यायचे, ही संधी नव्हे.

पेप ग्वार्दिओला यांनी फिल फोडेनला नोव्हेंबर २०१७ मध्ये पदार्पण करायला लावले, पण पहिल्या हंगामात लीगमध्ये फक्त पाच सामन्यांत उतरवले. त्याला उसना पाठवा, तो कुजतोय, अशी टीका दोन-तीन वर्षे होत राहिली. ग्वार्दिओला यांनी ऐकले नाही. २०२३-२४ मध्ये फोडेन प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच ग्वार्दिओला यांच्या हाताखालून कोल पामर निसटला. सप्टेंबर २०२३ मध्ये सिटीने त्याला चेल्सीला विकले आणि त्याच हंगामात त्याने लीगमध्ये २२ गोल ठोकले. जगातल्या सर्वांत हुशार मॅनेजरलाही प्रत्येक पोर सांभाळता येत नाही, कारण जागा अकराच.

जागा खरेच नाही का?

ही सबब मात्र आता पूर्वीइतकी पटत नाही. २०२२-२३ पासून प्रीमियर लीगमध्ये नऊ राखीव खेळाडू बसवता येतात आणि पाच बदली उतरवता येतात. पूर्वी तीनच. २१ वर्षांखालच्या खेळाडूचे नाव २५ जणांच्या नोंदणीत धरावे लागत नाही, म्हणजे त्याला घेतल्याने कोणाची जागा जात नाही. संघ दोन गोलांनी पुढे असताना तासाभराच्या खेळानंतर एका अकादमीपटूला नियमित उतरवणे एवढे कोणत्याही मॅनेजरला जमण्यासारखे आहे. क्लबच्या मालकांनीही त्याच्या कामाचे मोजमाप करताना गुणतक्त्याशेजारी हा एक रकाना ठेवावा. तो नसेल तर मॅनेजर शनिवारचाच विचार करणार.

हे जमते, याचा दाखला बिल्बाओत आहे. अ‍ॅथलेटिक क्लब फक्त बास्क भागात जन्मलेल्या किंवा घडलेल्या खेळाडूंना घेतो. तरीही स्पेनच्या अव्वल लीगमधून तो कधीच खाली घसरलेला नाही आणि २०२४ मध्ये ४० वर्षांनी त्याने कोपा देल रे जिंकला. तिथे कोणी मॅनेजर आला तरी पोरांना खेळवावेच लागते, त्याची आवड विचारली जात नाही.

भारतात नेमकी दुसऱ्या टोकाची चूक झाली. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकानंतर महासंघाने त्या पिढीचाच संघ, इंडियन अ‍ॅरोज, आय-लीगमध्ये उतरवला. कोल्हापूरचा अनिकेत जाधवही त्यात होता. सगळी पोरेच, शेजारी शिकवायला थोर कोणी नाही. पदावनतीची भीती या संघाला नव्हती, त्यामुळे जिंकण्याची निकडही नव्हती. २०१७-१८ मध्ये तो तळाला राहिला आणि २०२२ मध्ये प्रयोगच गुंडाळला गेला. तोवर अनिकेतसारखे खेळाडू जमशेदपूर, हैदराबाद अशा क्लबांमध्ये जाऊन पुन्हा राखीव बाकावरून सुरुवात करत होते.