घरशाळेतल्या आईचा छंद

घरीच मुलांना शिकवणाऱ्या ख्रिस्ती आयांना अमेरिकेत एक सल्ला वारंवार मिळतो. मुले लहान आहेत तोवर स्वतःची आवड बाजूला ठेवा. चित्रकला, बाग, विणकाम, वाचन, गाणे हे सगळे पुढे होईल. सध्या देवाने सोपवलेले काम म्हणजे घर आणि मुले. हा सल्ला देणाऱ्या बायका बहुधा त्याच वाटेने गेलेल्या आणि मनाने चांगल्या असतात, त्यामुळे त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सल्ला मात्र चुकीचा आहे. पवित्र शास्त्राचा त्याला आधार नाही, घरशाळेच्या इतिहासाचा नाही आणि मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने तर तो नुकसानीचाच आहे.

हा मूठभर कुटुंबांचा प्रश्न राहिलेला नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या पाहणीनुसार १९९९ मध्ये तिथे सुमारे साडेआठ लाख मुले घरी शिकत होती. २०१२ मध्ये हा आकडा १७ लाखांच्या पुढे गेला. महामारीच्या वर्षी, २०२० च्या वसंतात, जनगणना खात्याच्या पाहणीत शाळेच्या वयाची मुले असलेल्या कुटुंबांपैकी ५.४ टक्के कुटुंबे घरशाळा चालवत होती आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ११.१ टक्के. ही सगळी कुटुंबे धर्मासाठी शाळा सोडतात असेही नाही. २०१६ च्या पाहणीत धार्मिक शिक्षण हे सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणून १६ टक्के पालकांनी सांगितले, तर शाळेतल्या वातावरणाची काळजी ३४ टक्के पालकांनी. तरीही घरशाळेची चळवळ उभी राहिली ती मोठ्या प्रमाणात ख्रिस्ती कुटुंबांच्या बळावर. १९८० च्या दशकात त्यांनी न्यायालयांत आणि विधिमंडळांत झगडून वाट मोकळी केली आणि १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत घरशाळा कायदेशीर झाली. त्या लढ्याचे श्रेय अनेकदा वकिलांना आणि वक्त्यांना मिळाले. रोज सकाळी टेबलाशी बसून बाराखडी आणि बेरीज शिकवणारी मात्र बहुतेक घरांत आई होती आणि आहे.

या आईपुढे आदर्श म्हणून ठेवला जातो तो बायबलमधल्या नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय. त्यातली सद्गुणी स्त्री रात्र असतानाच उठते, लोकर आणि ताग कातते, शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, गोरगरिबांना हात देते, आणि रात्रीसुद्धा तिचा दिवा मालवत नाही. हे वाचून रात्री अकरा वाजता भांडी घासत उभ्या असलेल्या आईला वाटते की आपण कुठेच बसत नाही. हा अध्याय वाचण्याची पद्धतच चुकली आहे. दहाव्या ओवीपासून एकतिसाव्यापर्यंतच्या २२ ओव्या हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांनी क्रमाने सुरू होतात. कवीने वर्णमालेच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एका स्त्रीचे सारे आयुष्य गुंफले आहे. ती आयुष्यभराची गोळाबेरीज आहे, एका मंगळवारचे वेळापत्रक नव्हे. यहुदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ सुरू होताना, हे काव्य नवरा बायकोसाठी गातो. स्तुतीसाठी रचलेल्या काव्याने आईची परीक्षा घ्यायची, हा त्या काव्यावरच अन्याय आहे.

त्याच अध्यायातली आणखी एक गोष्ट प्रवचनांत सहसा येत नाही. पंधराव्या ओवीत या स्त्रीच्या घरी दासी आहेत आणि ती त्यांना काम वाटून देते. ती एकटी नाही. शिवाय ती स्वतःसाठी पलंगपोस विणते, तागाची वस्त्रे करून विकते, मळा लावते. ज्या गोष्टी आजच्या आईला नंतरसाठी ठेवायला सांगितल्या जातात, त्यांतल्या कितीतरी तिथे स्तुतीच्या यादीत आहेत.

दुसरे उदाहरण नेहमी दिले जाते ते सुझाना वेस्ली हिचे. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची ही आई. इंग्लंडमधल्या लिंकनशायरात एपवर्थ गावी तिचा नवरा पाळक होता. तिला १९ मुले झाली, त्यांतली नऊ तान्हेपणीच गेली. कर्जापायी नवरा १७०५ मध्ये तुरुंगात गेला आणि १७०९ मध्ये राहते घर जळाले. अशा घरात तिने शाळा चालवली. सकाळी नऊ ते बारा, दुपारी दोन ते पाच. मूल पाच वर्षांचे झाले की दुसऱ्या दिवशी त्याला मुळाक्षरे शिकवायची, आणि दोन मुली सोडून बाकी सगळी मुले एका दिवसात ती शिकली. मुलीला नीट वाचता येईपर्यंत तिच्या हाती शिवणकाम द्यायचे नाही, हा तिचा नियम त्या काळात धाडसाचा होता. तिच्या शिस्तीतले सगळेच आज घ्यावे असे नाही. एक वर्षाच्या मुलाने छडीला भ्यावे आणि हळू रडायला शिकावे, हे तिचे म्हणणे आजच्या आईने बिनदिक्कत नाकारावे.

सुझानाबद्दल एक गोष्ट फार आवडीने सांगतात. ती प्रार्थनेसाठी एप्रन डोक्यावर ओढून बसे आणि मुले समजत की आता आईशी बोलायचे नाही. या गोष्टीतून आयांनी घ्यायचा बोध असा सांगितला जातो की आईला स्वतःचे काही हवे असेल तर तेवढे एप्रनखाली मावणारे पुरे. तिची पत्रे आणि लेखन वेगळेच सांगतात. १७१० मध्ये तिने प्रेषितांच्या मतांगिकारावर विवेचन लिहिले, मुलीला उद्देशून, पण विचार एका अभ्यासू ईश्वरपरिज्ञान्याचा. पुढे थोरली मुलगी एमिलिया हिच्याबरोबरचा धर्मविषयक संवाद लिहिला. नवरा लंडनला गेला असताना, १७११-१२ च्या हिवाळ्यात, रविवारी संध्याकाळी ती घरात प्रवचने वाचून दाखवू लागली, आणि ऐकायला दोनशेपर्यंत माणसे जमू लागली. नवऱ्याने पत्राने हरकत घेतली, तेव्हा तिने मुद्देसूद उत्तर लिहून पाठवले. तरुणपणी स्वतःसाठी केलेला एक नियमही तिने आपल्या मुलाला कळवला होता: करमणुकीला दिवसात जेवढा वेळ द्यायचा, त्याहून कमी वेळ एकांतातल्या प्रार्थनेला द्यायचा नाही. कडक प्युरिटन घरात वाढलेल्या या मुलीने करमणूक वगळली नव्हती, तिला मर्यादा घातली होती.

तिने मुलांसाठी आठवड्याची वाटणीही केली होती. सोमवारची संध्याकाळ मॉलीची, मंगळवार हेटीचा, बुधवार नॅन्सीचा, गुरुवार जॅकीचा, शुक्रवार पॅटीचा, शनिवार चार्ल्सचा, रविवार एमिलिया आणि सुकीचा. त्या वेळात प्रत्येकाशी एकट्याने बोलायचे. हा जॅकी म्हणजेच जॉन वेस्ली. ऑक्सफर्डला शिकवायला लागल्यावरही त्याला आपल्या गुरुवारची ओढ होती. एका मुलाशी मन लावून बोलण्याचा वेळ दिवसभराच्या धावपळीतून वेगळा काढता येतो, हे तिने दाखवले. तसाच वेळ स्वतःच्या लेखनासाठीही काढता येतो, हेही दाखवले.

यावर हरकत येते ती दिवसाच्या तासांची. शिकवणे, स्वयंपाक, धुणे, झोपवणे यांतून उरते काय? हा हिशेब चुकतो, कारण त्यात शाळेचा दिवस जसाच्या तसा घरात आणलेला असतो. आठ ते तीन, सहा विषय, प्रत्येकाची वही, प्रत्येक पानावर खूण. ३० मुलांच्या वर्गात हजेरी, रांग, गप्प बसवणे यांत जाणारा वेळ घरात लागतच नाही, तरी तो वेळापत्रकात भरला जातो आणि मग भरून काढण्यासाठी कामे शोधली जातात. इंग्लंडमधल्या शार्लट मेसन यांनी हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच जाणले होते. १८८६ मध्ये त्यांचे गृहशिक्षणावरचे पुस्तक आले, १८९२ मध्ये त्यांनी अँबलसाइड इथे अध्यापिकांची शाळा काढली. आठ वर्षांखालच्या मुलाचा धडा २० मिनिटांपलीकडे जाऊ नये, अभ्यास सकाळीच संपवावा, दुपार रानावनात, हातकामात आणि खेळात जावी, गृहपाठ नसावा, असे त्यांचे सांगणे. मुलाने पाहिलेले फूल, पाखरू, किडा रेखाटायची निसर्गवही ठेवावी, असेही. त्यांच्या पालकसंघाच्या मासिकात तेव्हाच आयांना आवर्जून सांगितले गेले की आईने स्वतःसाठीही वाचत राहावे. संघाने आयांसाठी वाचनाचा अभ्यासक्रमही काढला. मेसन स्वतः अविवाहित होत्या आणि त्यांच्या वाचक आयांपैकी अनेकींच्या घरी दाई असे, ही गोष्ट लपवायची नाही. तरी मूळ मुद्दा टिकतो: दुपार मोकळी असेल तर ती आईलाही मोकळी मिळू शकते.

१९८४ मध्ये सुझन शेफर मकॉली यांच्या पुस्तकाने मेसन यांचे विचार अमेरिकेत पुन्हा पोचवले आणि १९८९ मध्ये मेसन यांचे सहा ग्रंथ पुन्हा छापले गेले. सुझन यांच्या आई ईडिथ शेफर यांनी स्वित्झर्लंडमधल्या लाब्री या आश्रयस्थानात येणाऱ्या तरुणांचे वर्षानुवर्षे आतिथ्य केले, आणि १९७१ मध्ये घरातल्या रोजच्या कलेवर पुस्तक लिहिले: ताट सजवणे, फुले मांडणे, चित्र काढणे, मोठ्याने वाचून दाखवणे. त्यांचा आधार उत्पत्तीच्या पुस्तकातला: देव निर्माता आहे आणि माणूस त्याच्या प्रतिरूपाचा आहे, तेव्हा निर्मिती माणसाच्या स्वभावातच आहे. आईही माणूस आहे. ती मुलांची पाटी पुसते म्हणून ते प्रतिरूप कमी होत नाही.

घरशाळेच्या बाहेरून येणारी टीकाही ऐकायला हवी. तिथे म्हणतात की अशी आई स्वतःला पुसून टाकते, तेव्हा तिने मुले शाळेत पाठवून मोकळे व्हावे. टीकेतला अर्धा भाग खरा आहे. पुष्कळ घरांत आईचे सगळे जगणे मुलांच्या प्रगतिपुस्तकात विरघळते. पण त्यासाठी शिकवणे सोडायला हवे, हे पटत नाही. मराठी वाचकाला याचे फार जुने उदाहरण ठाऊक असायला हवे. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले त्यांच्या आई लक्ष्मीबाई डोंगरे यांनी. दिवसभर घरकाम आणि आलेगेले असत, म्हणून त्या झोपलेल्या मुलीला पहाटे उठवून जवळ घेत आणि पाखरांच्या किलबिलाटात पाठ देत. लक्ष्मीबाई हिंदू होत्या आणि शाळा त्यांना परवडली नाही असे नाही. मुलींसाठी तशी शाळाच नव्हती. पण संस्कृत हे त्यांनी नवऱ्याकडून मिळवलेले स्वतःचे धन होते, आणि ते धन असल्यामुळेच त्या शिकवू शकल्या. ती मुलगी पुढे ख्रिस्ती झाली आणि तिने अख्खे बायबल मराठीत आणले.

आणि लक्ष्मीबाई टिळक. विवाहानंतर जेमतेम अक्षरओळख झालेल्या या बाई १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. घर माणसांनी सतत भरलेले, मुले, पाहुणे, आश्रित, कवी नवऱ्याचा लहरी दानशूरपणा. या सगळ्यात त्यांनी कविता केल्या, आणि १९१९ मध्ये नवरा, रेव्हरंड टिळक, गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे लिहिले. त्यांची आत्मकथा ‘स्मृतिचित्रे’ मराठी गद्यात कायमची मुक्कामाला आली. कविता बाजूला ठेव, मुले मोठी होऊ देत, हा सल्ला त्यांनी मानला असता तर मराठीचे किती नुकसान झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

इथे छंदाच्या बाजूने बोलणाऱ्यांचेही एक म्हणणे खोडून काढले पाहिजे. आई चित्र काढते हे पाहून मुले शिकतात, ती ताजीतवानी होते आणि मग नीट शिकवते, म्हणून तिला छंद असावा, असे ते सांगतात. हे फायदे खरे आहेत. पण आईचा प्रत्येक तास मुलांच्या उपयोगाला जोडूनच मान्य करायचा, तर तो तास तिचा उरत नाही. दहा आज्ञांतल्या शब्बाथाच्या आज्ञेत विसाव्याचे धनी एकेक करून सांगितले आहेत: तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरे, वेशीतला परका. बायको वेगळी सांगितलेली नाही, कारण ती ‘तू’मध्येच आहे, आज्ञा पहिल्यांदा तिलाही उद्देशून आहे. तरी किती ख्रिस्ती घरांत रविवारी उपासनेनंतरचा दुपारचा स्वयंपाक तिच्याच अंगावर पडतो!

म्हणून हा प्रश्न आईने लवकर उठून किंवा उशिरा झोपून सोडवायचा नाही. पहाटे साडेचारचा गजर लावून छंद जपायचा सल्ला तिच्या झोपेतून वेळ कापतो आणि बाकी सगळ्यांचे वेळापत्रक तसेच ठेवतो. घरशाळेचे वेळापत्रक नवरा-बायकोने एकत्र बसून करावे, आणि त्यात गणित-वाचनाइतक्याच ठळक अक्षरांत आईचा वेळ आधी लिहावा. तान्हे मूल असलेल्या घरात तो आठवड्यातून एक दुपार असेल, मोठी मुले असलेल्या घरात रोज तासभर. त्या वेळात मुले बापाकडे, किंवा सहाएक कुटुंबे मिळून चालवतात त्या को-ऑपमध्ये, जिथे एक आई विज्ञान शिकवते आणि दुसरी संगीत. मंडळीनेही याचा भार उचलावा. बायकांच्या सभेत ‘घर सांभाळा’ एवढेच सांगून न थांबता, आठवड्यातली एक सकाळ चर्चच्या सभागृहात मुलांना सांभाळायला माणसे द्यावीत, आणि त्यांत बापांची नावे आयांच्या आधी असावीत. तो वेळ मिळाल्यावर आईने शिवावे, बागेत खणावे, हार्मोनियम काढावे की नुसते पुस्तक घेऊन बसावे, हे तिने ठरवावे. त्याचा अहवाल कोणी मागू नये.