धुके काचेवरचे
(द्वितीय वर्ष, कला)

पावसाळा कवींना कितीही प्रिय असो, चष्मा लावणाऱ्यांचे आणि त्याचे फारसे जमत नाही. त्यातून आपला महाड-पोलादपूरचा पाऊस! वर्षाला तीन हजार मिलिमीटरची मजल तो सहज गाठतो. पोलादपूरकडून सकाळच्या एस.टी.ने येणाऱ्या आम्हां चष्मेवाल्यांचा नेहमीचा अनुभव असा, की थांब्यावर वाऱ्यापावसात उभे राहून गाडीत पाऊल टाकले की समोरचे जगच नाहीसे होते. माणसे दिसत नाहीत, नुसते "पुढे सरका, पुढे सरका" ऐकू येते. घरी भाताच्या टोपावरचे झाकण काढले की तीच गत. लोक हसतात, आपणही हसतो आणि ओढणीच्या टोकाने काच पुसून मोकळे होतो. हसण्यावारी नेल्या जाणाऱ्या या गोष्टीत हसण्यासारखे नसलेलेही काही आहे, असे मला वाटते. कला शाखेच्या विद्यार्थिनीने विज्ञानाच्या प्रांतात पाऊल टाकले म्हणून प्राध्यापकांनी राग मानू नये.

काचेवर धुके का धरते? बाहेरच्या गार वाऱ्याने चष्म्याची काच थंड झालेली असते. गाडीच्या खिडक्या बंद, आत पन्नास माणसांचे श्वास आणि ओले कपडे. ही उबदार, दमट हवा थंड काचेला टेकली की तिचे तापमान दवबिंदूच्या खाली उतरते आणि बाष्पाचे पाणी होते. पाणी तर पारदर्शक आहे. मग दिसत का नाही? कारण ते हजारो बारीक थेंबांच्या रूपाने काचेवर बसते आणि प्रत्येक थेंब प्रकाश वाटेल तिकडे वळवतो. तेच पाणी सपाट, पातळ पापुद्र्यासारखे पसरले तर आरपार दिसेल. (आंबेनळी घाटात उतरणारे धुके निराळे. ते हवेतच असते, त्याला कोणत्याही चष्म्याचा इलाज नाही.)

बाजारात मिळणाऱ्या 'अँटी-फॉग' लेन्सचे मर्म एवढेच आहे. लेन्सवर पाण्याशी सख्य असलेल्या पदार्थाचा थर देतात. त्यावर पाण्याचे थेंब बनत नाहीत. पाणी पसरते किंवा काही मर्यादेपर्यंत थरातच शोषले जाते. काही थर कारखान्यातच पक्के बसवलेले असतात, तर काहींवर ठरावीक दिवसांनी विशिष्ट द्रव लावून ते पुन्हा जागे करावे लागतात. तेलकट बोटे, धूळ आणि कोरड्या फडक्याचे घासणे हे या थराचे वैरी. येथे ग्राहकाने एक भेद ध्यानात ठेवावा. पाणी झटकून टाकणारी लेन्स म्हणजे धुके न धरणारी लेन्स नव्हे. दोन्हींचा स्वभाव उलट आहे. पाणी झटकणाऱ्या काचेवर पावसाचा मोठा थेंब ओघळून जातो, पण वाफेचे बारीक थेंब गोल गोल होऊन बसतात ते बसतातच. दुकानात दोन्ही गुण एका दमात सांगितले जातात, तेव्हा नेमके काय मिळते ते विचारून घ्यावे.

शोध तर थेट सोन्यापर्यंत पोहोचला आहे. झुरिचच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सोन्याचा अतिशय पातळ थर असलेले एक लेपन तयार केले. ते उन्हातली उष्णता शोषून काच आठ अंशांपर्यंत गरम ठेवते, त्यामुळे धुके धरत नाही. उपाय नामी आहे, फक्त आपल्याकडे आषाढात त्यासाठी ऊन कोठून आणावे हा प्रश्न राहील!

पण याच कामासाठी साबणही चालतो, आणि तो काही केवळ गरिबाचा उपाय नाही. जून १९६६ मध्ये अमेरिकेचा यूजीन सर्नन 'जेमिनी-९ए' यानातून बाहेर अवकाशात उतरला. श्रमाने धाप लागली, शिरस्त्राणाच्या काचेवर आतून धुके धरले आणि त्याला जवळजवळ काही दिसेना. काम अर्धवट टाकून त्याला यानात परतावे लागले. त्यानंतर 'नासा'ने जे धुके-रोधक द्रावण बनवले त्यात होते काय? द्रवरूप साबण, शुद्ध पाणी आणि सहजी पेट न घेणारे थोडे तेल. २०११ साली इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात दोन डॉक्टरांनी हेच सुचवले. मास्क बांधण्यापूर्वी चष्मा साबणाच्या पाण्याने धुवावा, जादा पाणी झटकावे आणि काच वाळू द्यावी. २०२० च्या साथीत जगभरच्या चष्मेवाल्यांना या युक्तीची आठवण झाली. अर्थात तारतम्य हवे. असेच द्रावण डोळ्यांत गेल्याने २००१ साली ख्रिस हॅडफील्ड या अंतराळवीराला काही काळ अंतराळातच दिसेनासे झाले होते. फवाऱ्याच्या बाटल्यांविषयीही जपून असावे. अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी तपासलेल्या चार फवाऱ्यांत आणि पाच फडक्यांत फ्लोरिनयुक्त रसायने सापडल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

आता मूळ मुद्दा. माझ्या चष्म्याच्या वेळी दुकानदाराने अँटी-फॉगसाठी जादा पैसे सांगितले. मी नको म्हटले. माझे साबणाने भागते. फार तर फळ्यावरची एखादी ओळ निसटते. पण माझे चुलते महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहेत. पिंपातला द्रव ओतताना त्यांना गॉगल लावावा लागतो. तोंडावर मास्क, अंगाला घाम, बाहेर पाऊस. पाच मिनिटांत गॉगल आतून पांढरा होतो. हातांत रबरी मोजे, त्यामुळे पुसायचीही सोय नाही. "दिसत नाय तर काम कसं करू? मंग चढवतो कपाळाव," असे ते सहज सांगतात. गॉगल कपाळावर गेला की नोंदवहीत सुरक्षा शाबूत राहते आणि प्रत्यक्षात डोळा उघडा पडतो. वर बोलणी खावी लागतात ती वेगळीच. "तुम्ही लोक निष्काळजी!"

ही निष्काळजी आहे का? डोळ्यांना झापडे बांधून रसायन ओतणे हा खरा निष्काळजीपणा ठरला असता. १९४८ च्या कारखाने अधिनियमात, कलम ३५ मध्ये, कण उडणाऱ्या वा प्रखर प्रकाशाच्या कामांसाठी 'योग्य' गॉगल पुरवण्याची तरतूद करण्यात आली होती. भाषेची विद्यार्थिनी म्हणून मी या 'योग्य' शब्दापाशी थांबते. ज्यातून दिसत नाही तो गॉगल योग्य कसा? युरोपच्या २००१ च्या 'ईएन १६६' मानकाने धुके न धरणाऱ्या काचेवर 'एन' हे अक्षर उमटवण्याची रीत घातली. म्हणजे ही गोष्ट मोजता येते, तपासता येते आणि खरेदीच्या कागदावर लिहिताही येते.

कोणी म्हणेल, असे गॉगल महाग पडतात. पडत असतील. पण कपाळावर राहणारा स्वस्त गॉगल हा फुकट गेलेला पैसा आहे. कोणी म्हणेल, कामगारांनी साबण लावावा. जरूर लावावा, मात्र त्यासाठी पाळीच्या सुरुवातीला स्वच्छ पाणी आणि पाच मिनिटे तर द्या! शिवाय साबणाचा थर घामाने लवकर जातो. हवा खेळावी म्हणून काही जण गॉगलला भोके पाडतात, ते तर अधिकच घातक. रसायनाच्या कामाच्या गॉगलला आडवळणाची छिद्रे असतात, ती हवा आत घेतात आणि उडालेला थेंब बाहेर ठेवतात.

चष्म्याच्या दुकानात ज्याला हौस परवडते त्याला ही लेन्स आग्रहाने दाखवली जाते आणि जेथे डोळा पणाला लागतो तेथे तिचे नावही निघत नाही, हे मला खटकते. आपल्या महाविद्यालयातील कितीतरी मुलामुलींचे वडील, भाऊ, काका या वसाहतीत राबतात. त्यांच्याच पगारातून आपली फी भरली जाते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. शिकून काय केलेस, असे चुलत्यांनी विचारले तर निदान एवढे तरी सांगता आले पाहिजे, की तुमचा गॉगल पांढरा का होतो आणि तो तसा होऊ नये म्हणून मालकाकडे नेमके काय मागायचे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. यंदा एक दिवस या कामासाठी ठेवावा. साबणाचा प्रयोग करून दाखवावा, गॉगलवरच्या खुणा वाचायला शिकवावे आणि कामगारांच्या वतीने एक साधा अर्ज मराठीत लिहून द्यावा. अर्ज लिहिणे तरी आपल्या शाखेच्या आवाक्यातले आहे.