कुंडींतली सदाफुली

गेल्या श्रावणांत मुलुंडास आमच्या एका आप्तांच्या घरीं आमचें जाणें झालें. घर जुन्या वळणाचें. सासू, दोन मुलगे, दोन सुना व नातवंडें अशीं दहा माणसें अजून एका चुलीवर जेवतात. थोरल्या सूनबाईंस रसग्रंथींचा कर्करोग असल्याचें निदान तीन महिन्यांपूर्वीं झालें होतें व औषधोपचार चालू होता. आम्ही बसलों असतां माई, म्हणजे सासूबाई, स्वयंपाकघरांतून एक वाटी घेऊन आल्या. वाटींत हिरवट काढा होता. "माई, हें काय?" असें आम्हीं विचारतांच त्या म्हणाल्या, "सदाफुलीचा पाला उकळला आहे. डॉक्टर हिला शिरेंतून जें औषध देतात तें ह्याच झाडाचें म्हणे. शेजारच्या बाईंनीं मोबाइलवर वाचून दाखविलें. मग आपल्या कुंडींतलेंच कां नको?"

शेजारणीचें म्हणणें खोटें नव्हतें; म्हणूनच वाटी दूर सारणें अवघड झालें. नुसतें 'देऊं नका' म्हटल्यानें माईंचें समाधान होण्यासारखें नव्हतें. हें औषध शरीरांत नेमकें कोठें व कसें काम करतें तें सांगावें लागलें. तेंच येथें देतों. कारण बोरिवली-अंधेरी काय किंवा घाटकोपर-मुलुंड काय, सदाफुलीची कुंडी नाहीं अशा गॅलऱ्या थोड्या.

सुदैवानें घरांतला नातू बारावींत आहे व त्यानें नुकताच कांद्याच्या मुळाचा प्रयोग केला होता. पाण्यानें भरलेल्या पेल्यावर कांदा असा ठेवावयाचा कीं त्याचें बूड पाण्यास टेकेल. तीन-चार दिवसांत पांढरीं मुळें फुटतात. मुळाचें टोंक कापून, त्यास रंग देऊन, कांचेखालीं दाबून सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें म्हणजे विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या पेशी दिसतात. बहुतेक पेशी स्वस्थ असतात. मधूनच एखादींत गडद दोऱ्यांचे आंखूड तुकडे दिसतात. हीं गुणसूत्रें. कांद्याच्या पेशींत तीं १६, आपल्या पेशींत ४६. आपलीं ४८ आहेत अशी शास्त्रज्ञांचीहि कित्येक वर्षें समजूत होती. १९५६ मध्यें स्वीडनांत चियो व लेव्हान ह्यांनीं नीट मोजलीं तेव्हां दोन कमी भरलीं!

स्वस्थ दिसणारी पेशी रिकामी बसलेली नसते. प्रयोगशाळेंत वाढविलेल्या मानवी पेशीचा एक फेरा साधारण २४ तासांचा. त्यांत प्रत्यक्ष विभाजन जेमतेम तासाभराचें. लग्नाची तयारी महिनाभर आणि मंगलाष्टकें घटकाभर, तसाच हा प्रकार. आधीं पेशी अंगानें वाढते. मग सुमारें आठ तास आपल्या डीएनएची नक्कल करते. एका पेशींतला डीएनए सरळ ताणला तर दोन मीटर भरेल, हें ध्यानीं घेतलें म्हणजे आठ तास फार वाटत नाहींत. नक्कल पुरी झाल्यावर ती तपासण्यास थोडा विराम, आणि मग विभाजन. त्या वेळीं पेशींत अतिसूक्ष्म नळ्यांची एक रचना उभी राहते, मध्यें फुगीर व दोन्ही टोंकांस निमुळती, सूत भरलेल्या चातीसारखी. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रती ह्या नळ्यांना विरुद्ध बाजूंनीं जोडल्या जातात व मग दोन टोंकांकडे ओढल्या जातात.

हा ओढण्याचा क्षण कोण ठरवितो? मुलुंडच्या फलाटावर लोकल उभी असते. सिग्नल मिळाला तरी मागून गार्डाचे दोन टोल ऐकूं आल्यावांचून मोटरमन गाडी हलवीत नाहीं. (रेल्वेनें २०२२ मध्यें गार्डांस 'ट्रेन मॅनेजर' असें नांव दिलें, आमच्या तोंडीं गार्डच बसला आहे.) पेशींतहि असाच बंदोबस्त आहे. ४६ पैकीं एक जरी गुणसूत्र नळ्यांना जोडावयाचें राहिलें, तरी तें एकटें 'थांबा' असा रासायनिक निरोप देत राहतें आणि सारी पेशी खोळंबते. एका प्रवाशासाठीं लोकल थांबल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. पेशी मात्र थांबते.

फेऱ्यांत असे थांबे आणखीहि आहेत. अमेरिकेंत लेलँड हार्टवेल ह्यांनीं यीस्टवर प्रयोग करून ते दाखविले. इंग्लंडांत पॉल नर्स ह्यांनीं दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्यें फेऱ्यास चालना देणारें मुख्य जनुक ओळखलें. त्याच्या जागीं माणसाचें जनुक घातलें तरी यीस्टचें काम अडत नाहीं, असें त्यांच्या प्रयोगशाळेनें १९८७ मध्यें सिद्ध केलें. टिम हंट ह्यांस १९८२ मध्यें सागरी अर्चिनच्या अंड्यांत एक प्रथिन सांपडलें. प्रत्येक विभाजनापूर्वीं तें सांचत जाई आणि विभाजन होतांना एकाएकीं नाहींसें होई. त्याचें नांव सायक्लिन. तिघांस मिळून २००१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या थांब्यांना न जुमानतां विभागत राहणाऱ्या पेशी म्हणजेच कर्करोग.

अशा पेशी शरीराबाहेर वाढवून पाहण्याची विद्या आपल्याकडे रुजविण्यांत एका मराठी विदुषीचा वांटा मोठा आहे. पुण्यास १९१७ सालीं जन्मलेल्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, ह्या परळ येथें डॉक्टर वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या हाताखालीं काम करीत. १९४९ मध्यें मुंबई विद्यापीठाची पीएच्‌.डी. मिळविल्यावर त्या अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेंत शिकावयास गेल्या. ह्याच प्रयोगशाळेंत १९५१ मध्यें हेन्रिएटा लॅक्स ह्या रुग्ण स्त्रीच्या गाठींतील पेशी वाढविल्या गेल्या, त्याहि तिला न विचारतां. त्या पेशी जगभर अजून विभागत आहेत. परत आल्यावर कमलाबाईंनीं परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. भारतांतली अशी ती पहिली मानतात. १९८२ मध्यें त्यांना पद्मभूषण मिळालें. माईंना हें नांव ठाऊक नव्हतें. सूनबाई मात्र सरसावून ऐकूं लागल्या.

आतां सदाफुली. ही मूळची मादागास्करची. जमैकांत मधुमेहावर हिच्या पानांचा चहा पीत. तीं पानें १९५२ मध्यें कॅनडांत पोंचलीं. रॉबर्ट नोबल ह्यांनीं त्यांचा अर्क उंदरांस देऊन पाहिला. साखर कांहीं उतरली नाहीं, पण रक्तांतल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानें घटल्या. चार्ल्स बीअर ह्यांच्या साहाय्यानें १९५८ पर्यंत त्यांतून व्हिन्ब्लास्टिन हें द्रव्य वेगळें करण्यांत आलें. त्याचें भावंड व्हिन्क्रिस्टिन, जें सूनबाईंस देत होते, तें अमेरिकेंत १९६३ पासून औषध म्हणून मान्य झालें. हीं द्रव्यें चातीच्या नळ्या जुळूंच देत नाहींत. नळ्या नाहींत, तेव्हां गुणसूत्रें जोडलीं जात नाहींत. गार्डाचे टोल पडत नाहींत. पेशी तासन्‌तास खोळंबून बहुधा मरते.

परंतु ह्या द्रव्यास रोगट पेशी व निरोगी पेशी असा भेद करतां येत नाहीं. आपल्या अस्थिमज्जेंत दर सेकंदास वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी नव्या तयार होतात. केसांच्या मुळाशीं व आंतड्याच्या अस्तरांतहि विभाजन अखंड चालतें. सूनबाईंना दिलेल्या औषधांनीं केस गेले ते ह्यामुळें. त्यांच्या बोटांना मुंग्या येत, सुईंत दोरा ओवतां येईना, म्हणून त्या एकदां एकांतांत रडल्याहि होत्या. मज्जापेशी विभागत नाहींत, पण त्यांच्या लांब धाग्यांतून मालाची नेआण होण्यास तशाच नळ्या लागतात. ही तक्रार डॉक्टरांच्या कानीं घालावयास हवी होती, कारण मात्रा कमी करतां येते. घरांत कोणास त्रास नको म्हणून त्यांनीं ती लपविली होती.

"माई, ह्या औषधाची एका वेळची मात्रा बहुधा दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाहीं," आम्ही म्हणालों, "आणि त्याआधीं रक्तांतल्या पेशी मोजून पाहतात. पानांत सत्तरांहून अधिक क्षारद्रव्यें आहेत. वाटींत कोणतें किती उतरलें हें कोण मोजणार?"

माई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग नातवास म्हणाल्या, "मोरींत ओत रे. कुंडींत नको." आणि सुनेकडे वळून, "बोटांचें कधीं सांगणार होतीस?" असें विचारून त्यांनीं भिंतीवरचें कालनिर्णय खालीं काढलें. रक्ततपासणी गुरुवारीं होती.