लिटरचा भाव आणि किलोमीटरचा हिशेब

३० जून २०२४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात डिझेलला दोन भाव होते. शिळफाट्यावरून कल्याणकडे निघालेला ट्रक देसाई गावापर्यंत ठाणे महापालिकेच्या हद्दीत असे. तिथे डिझेलवर राज्याचा व्हॅट २४ टक्के. पुढे कटई आले की कल्याण-डोंबिवली सुरू, आणि व्हॅट २१ टक्के. रस्ता तोच, खड्डे तेच, टँकर भरून येणारे डिझेलही तेच. लिटरमागे फरक मात्र दोनेक रुपयांचा. तीनशे लिटरच्या टाकीला सहाशे रुपये. पेट्रोलवर अलीकडे २६ टक्के, पलीकडे २५. कशेळीची खाडी ओलांडून भिवंडीच्या गोदामांकडे वळले तरी हाच प्रकार. वाहतूकदाराला हे शिकवावे लागत नव्हते. टाकी कुठे फुल्ल करायची आणि कुठे नुसती ओली ठेवायची, हे चालकांना तोंडपाठ असे.

त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या तीन महापालिकांच्या हद्दीतला दर उर्वरित राज्याइतका खाली आणला. १ जुलैपासून मुंबईत डिझेल ९२ रुपये १५ पैशांवरून नव्वदच्या आत आले, पेट्रोल १०४ रुपये २१ पैशांवरून १०३ रुपये ४४ पैशांवर. ठाण्यातही तेवढीच उतरण झाली. देसाई आणि कटई यांच्यातली अदृश्य सीमा पुसली गेली. त्याबद्दल कोणी पेढे वाटल्याचे ऐकिवात नाही, पण निर्णय योग्यच होता.

एकाच जिल्ह्यात, एकाच रस्त्यावर भावाची ही तऱ्हा असेल, तर देशादेशांची तुलना किती जपून करायला हवी! आपल्याकडे ती फार सैल हाताने होते. पेट्रोल शंभरी ओलांडते झाले तेव्हापासून (मुंबईत तो दिवस २९ मे २०२१) व्हॉट्सॲपवर दोन याद्या आलटून पालटून फिरतात. एकीत भूतान, मलेशिया, दुबई असतात आणि आपण लुटले जात असल्याचे ठरते. दुसरीत लंडन, हाँगकाँग, नॉर्वे असतात आणि आपण उगीच रडत असल्याचे ठरते. दोन्ही याद्यांतले आकडे बहुतेक वेळा खरेच असतात. घोटाळा आकड्यांत नसतो, रुपयांत बदललेला भाव शेजारी शेजारी मांडण्यात असतो.

२०२५ सालचे ढोबळ भाव घेऊ. ठाणे-डोंबिवलीत पेट्रोल १०३ रुपयांच्या पुढेमागे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, जिथे मराठी कुटुंबांची संख्या काही कमी नाही, गॅलन तीन डॉलरच्या आसपास. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणजे लिटर साधारण सत्तर रुपये. दुबईत साठ-पासष्ट. ब्रिटनमध्ये दीडशेच्या वर. या यादीत आपण मधले. पण न्यू जर्सीत २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होते. तिथे दुकानात काम करणारा माणूस एका तासाच्या मजुरीत एकोणीस लिटरच्या आसपास पेट्रोल घेतो. ब्रिटनमधला कामगार तासाला १२.२१ पौंडांच्या किमान वेतनात, ते महागडे पेट्रोलही नऊ लिटर घेतो. डोंबिवली एमआयडीसीत दिवसाला पाचशे रुपये पडणाऱ्या माणसाला दिवसभर राबून पाच लिटरसुद्धा मिळत नाही. तासाच्या हिशेबाने अर्धा-पाऊण लिटर. ही रांग लावली की आपण मध्ये उरत नाही, थेट शेवटी जातो.

म्हणूनच आपल्याकडे पंपावर लिटर कोणी फारसे मागत नाही. ‘दोनशेचं टाक,’ असे म्हणतात. काही सावध मंडळी ‘दोनशे दहाचं’ म्हणतात, कारण ठरलेल्या आकड्यांत मापात गडबड होते असा त्यांचा ठाम समज असतो. पंपावरचा पोरगा ‘झिरो बघा’ म्हणतो, गिऱ्हाईक शून्य बघते आणि मग नजर रुपयांवर खिळते. भाव वाढला तर दोनशेचे दोनशेच राहतात, टाकीत थेंब कमी पडतात. एडिसनमध्येही पेट्रोल भरायला माणूसच येतो, कारण स्वतःच्या हाताने पेट्रोल भरण्यावर न्यू जर्सीत १९४९ पासून कायद्याने बंदी आहे आणि आता अमेरिकेत असे ते एकच राज्य उरले आहे. तिथे गेलेल्या डोंबिवलीकराला घरच्यासारखे वाटावे अशी ही एक गोष्ट! फक्त तिथे सहसा टाकी फुल्ल करतात.

आता कराकडे वळू, कारण खरी मेख तिथेच आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क दोन रुपयांनी वाढवले तेव्हा पेट्रोलवरचे शुल्क २१ रुपये ९० पैसे झाले. राज्याचा व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. दोन्ही मिळून १०३ रुपयांतले पंचेचाळीसच्या पुढे तेव्हा करात जात होते. शिवाय व्हॅट लागतो तो उत्पादन शुल्क धरून झालेल्या किमतीवर, म्हणजे करावर कर. ब्रिटनमध्ये याहून जास्त, निम्म्याहून अधिक किंमत कराची असते. न्यू जर्सीत राज्य आणि केंद्र मिळून गॅलनमागे ६३ सेंटच्या आसपास, म्हणजे पाचवा हिस्सा. केवळ टक्केवारीने पाहिले तर आपण युरोपच्या जवळ आहोत.

त्यातल्या ५ रुपये १२ पैशांची कुंडली मांडण्यासारखी आहे. २०१५ मध्ये राज्यात दुष्काळ पडला, त्यासाठी पेट्रोल-डिझेलवर दोन रुपये चढले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांलगतची दारूची दुकाने बंद करायला लावली, महसूल बुडाला, आणि त्याची भरपाई म्हणून पेट्रोलवर तीन रुपये वाढले. दारू न पिणाऱ्या स्कूटरवाल्यानेही ती भरली. पुढे हा अधिभार अकरा रुपयांपर्यंत चढला, उतरला, टाळेबंदीत १ जून २०२० पासून दोन रुपयांनी पुन्हा वाढून १० रुपये १२ पैसे झाला. जुलै २०२२ मध्ये नुकतेच मुख्यमंत्री झालेले ठाण्याचे आमदार एकनाथ शिंदे यांनी पेट्रोलवरचे पाच रुपये कमी केले, तेव्हा उरले ते ५ रुपये १२ पैसे. दुष्काळ सरला, मद्यविक्रीची घडी बसली, टाळेबंदी उठली. अधिभार मात्र पुरता गेला नाही.

राज्य इतके का ओरबाडते? त्याचे एक उत्तर दिल्लीत आहे. पेट्रोलवरच्या त्या जवळपास बावीस रुपयांत मूळ उत्पादन शुल्क अवघे १ रुपया ४० पैसे होते. बाकी सगळे विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते उपकर आणि कृषी उपकर. राज्यांना वाटा मिळतो तो फक्त मूळ शुल्कातून, ४१ टक्के. म्हणजे बावीस रुपयांतले सत्तावन्न पैसे सगळ्या राज्यांनी मिळून वाटून घ्यायचे. उपकरांचे पैसे केंद्राकडेच. अशा वेळी राज्य आपल्या व्हॅटला घट्ट धरून बसते यात नवल नाही. पण त्यामुळे नागरिकाची सुटका होत नाही.

या ओढाताणीत सीमाभागातल्या लोकांना मजा येते. तलासरीच्या पुढे गुजरातमध्ये पेट्रोल आठ-नऊ रुपयांनी स्वस्त, म्हणून मुंबई-अहमदाबाद महामार्गावर हद्दीपलीकडच्या पंपांची चलती असते. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला, लिटर एकदम अकरा रुपयांनी उतरले, आणि बांद्या-सावंतवाडीच्या गाड्या पत्रादेवीच्या पलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सिंगापूरने या चलाखीवर रीतसर कायदाच केला. शेजारच्या मलेशियात पेट्रोल फार स्वस्त, म्हणून सिंगापूरची गाडी हद्द ओलांडताना टाकी किमान पाऊण भरलेली असावी लागते, नाहीतर दंड. कटईच्या नाक्यावर असा शिपाई उभा राहिला नाही, एवढेच आपले नशीब.

सिंगापूरचेच उदाहरण पुढे नेले तर लिटरच्या भावाची तुलना किती अपुरी आहे ते कळते. तिथे गाडी ठेवण्याचा दहा वर्षांचा परवाना २०२५ मध्ये एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला. आपल्या रुपयांत पासष्ट लाखांहून अधिक, गाडीची किंमत वेगळी. एडिसनचा माणूस सत्तर रुपये लिटरने पेट्रोल भरतो, पण गाडीचा विमा वर्षाला सहज दीड-दोन हजार डॉलर खातो. सकाळी हॉलंड बोगद्यातून मॅनहॅटनला जायचे तर सोळा डॉलरच्या वर टोल, आणि जानेवारी २०२५ पासून त्यावर गर्दीचा आकार. लंडनमध्ये जुनी, धूर ओकणारी गाडी बाहेर काढली की दिवसाला साडेबारा पौंड. या शहरांत सरकार गाडीवाल्याला चिमटा काढते हे खरे, पण त्याच वेळी दुसरा रस्ता दाखवते: भुयारी रेल्वे, वेळेवर येणारी बस.

ठाणे-कल्याण पट्ट्यात तो दुसरा रस्ता म्हणजे लोकल. डोंबिवली ते ठाणे तिकीट दहा रुपये; जगात इतका स्वस्त प्रवास शोधून सापडणार नाही. शिळफाट्यामार्गे स्कूटरने जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर धरले, तर लिटरभराहून अधिक पेट्रोल, म्हणजे एकशे पंधरा रुपये. गाडीने, वाहतूक कोंडीत लिटरला बाराचे ॲव्हरेज पडले, तर चारशे तीस. वीस रुपये सोडून माणूस चारशे तीस का खर्च करतो? सकाळी आठला डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहिले की उत्तर मिळते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडून जिवाला मुकले. त्यानंतर एखाद्या आईने पोराला स्कूटरचे पैसे काढून दिले असतील, तर तिला चैनी म्हणता येईल का?

म्हणून इथल्या वाहनखर्चाचे माप लिटर नसून सक्तीचे किलोमीटर हे आहे, आणि ते कमी करणे पंपाच्या हाती नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. ठाणेकरांचे आनंदनगरचे पंचेचाळीस रुपये वाचले. मोठागाव-माणकोली पूलही खुला झाला आणि डोंबिवलीहून ठाण्याला जाणाऱ्याची शिळफाट्याची प्रदक्षिणा टळली. या दोहोंत खरा शहाणपणाचा खर्च पुलाचा. टोल माफ झाल्याने खिशाला बरे वाटले, पण कोंडीत जळणारे पेट्रोल तसेच राहिले. पुलाने लिटरचा भाव पैशानेही न बदलता महिन्याचा खर्च खाली आणला. आता पुलाच्या दोन्ही टोकांना कोंडी जमू लागली तर ती गोष्ट निराळी, आणि ती शक्यता कोणा डोंबिवलीकराला अशक्य वाटणार नाही.

सीएनजीने काही वर्षे हा हिशेब सांभाळला. एप्रिल २०२२ मध्ये राज्याने त्यावरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला. कर कमी केला की लोक इंधन बदलतात, याचा हा पुरावा. जुलै २०२५ पासून मात्र नव्या सीएनजी गाड्यांच्या वाहन करात एक टक्का वाढ झाली. किलोचा भाव त्या वर्षी ऐंशीच्या घरात गेला. आणि १७ नोव्हेंबर २०२५ ला गॅसवाहिनीतल्या बिघाडामुळे ठाण्यापासून पुढे सगळीकडे रिक्षांच्या रांगा लागल्या. मीटरचे पहिले भाडे फेब्रुवारी २०२५ मध्येच २३ वरून २६ रुपये झाले होते. त्या दिवशी मात्र सव्वीस रुपये हातात धरूनही रिक्षा मिळेना.

भाव रोज बदलण्याची व्यवस्था १६ जून २०१७ पासून कागदावर आहे. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२१ पासून उत्तर प्रदेशच्या निवडणुका होईपर्यंत, साडेचार महिने, भाव गोठले. पुढे जुलै २०२२ ते मार्च २०२४ मुंबईत पेट्रोल १०६ रुपये ३१ पैशांवर खिळून राहिले. तेवढ्या काळात जगातले कच्चे तेल कितीदा वर-खाली झाले. तेल महागले तेव्हा कंपन्यांनी तोटा सोसला, हे मान्य. स्वस्त झाले तेव्हा फायदा कुठे गेला, याचा हिशेब ग्राहकाला मिळाला नाही. न्यू जर्सीत पेट्रोलवरचा राज्याचा कर वाहतूक निधीत जातो, दर वर्षी नव्याने ठरतो आणि का वाढला ते जाहीर होते. कर तिथेही लोकांना आवडत नाही. पण कशासाठी भरतो ते माहीत असते.

इथे साध्या चहा-नाश्त्याच्या बिलावर जीएसटी किती ते छापलेले असते. पेट्रोलच्या पावतीवर लिटर, दर आणि रक्कम एवढेच. राज्याला एवढे तर आजही करता येईल: प्रत्येक पावतीवर केंद्राचा कर किती, राज्याचा किती आणि ५ रुपये १२ पैसे कशाचे, हे तीन ओळींत छापणे सक्तीचे करावे, आणि ठाणे व कल्याण-डोंबिवलीतून जमणाऱ्या त्या अधिभाराचा ठरावीक हिस्सा टीएमटी आणि केडीएमटीच्या बसगाड्यांना बांधून द्यावा.