युद्धाची बातमी फॉरवर्ड करण्याआधी थांबा!



भारत-पाकिस्तान लष्करी संघर्षातली ८ मे २०२५ ची रात्र आठवा. नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केले, आपले सैन्य इस्लामाबादेत शिरले, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना अटक झाली, अशा बातम्या मोठमोठ्या वाहिन्यांनी दिल्या. यातले काहीही घडले नव्हते. पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांना बळी पडलेल्या एका शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरवले. ते खोटे असल्याचा खुलासा पोलिसांना करावा लागला.

१० मे रोजी लष्करी कारवाई थांबली. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी सरकारचा निर्णय जाहीर केला आणि त्यांच्यावरच नव्हे, त्यांच्या कुटुंबीयांवरही समाजमाध्यमांत गलिच्छ शिव्यांचा भडिमार झाला. इस्लामाबाद पडल्याचे ज्यांना दाखवले, त्यांना शस्त्रविराम हा दगा वाटला तर नवल काय?

या संघर्षाआधी पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला, त्यांत सहा जण महाराष्ट्राचे होते. आपला संताप खरा होता. म्हणूनच खरी माहिती मिळणे हा आपला हक्क होता.

गल्लीतल्या रस्त्याबद्दल वाहिनी खोटे बोलली तर आपण डोळ्यांनी पडताळतो. कराचीत काय झाले, ते पडद्यावरूनच कळते. तिथे पक्षपाताला मोकळे रान मिळते. सत्ताधाऱ्यांची पाठराखण करणारे माघारीलाही विजय म्हणतात, विरोधकांची बाजू घेणारे यशालाही अपयश म्हणतात.

अशा वार्तांकनाची किंमत इराक युद्धात अमेरिकेने मोजली, इराकने त्याहून कितीतरी अधिक. मेरीलँड विद्यापीठाशी संलग्न संशोधकांनी २००३ मध्ये अमेरिकी लोकांचे तीन गैरसमज तपासले: इराकमध्ये संहारक अस्त्रे सापडली, इराकचे सत्ताधीश सद्दाम हुसेन यांचे अल् कायदा या दहशतवादी संघटनेशी संबंध सिद्ध झाले, जगाचे जनमत युद्धाच्या बाजूने आहे. प्रामुख्याने ‘फॉक्स न्यूज’ ही वाहिनी पाहणाऱ्यांपैकी ८० टक्के लोकांत यांतला एक तरी गैरसमज होता; सार्वजनिक प्रसारणावर विसंबणाऱ्यांत २३ टक्के. एकही गैरसमज नसलेल्यांपैकी २३ टक्के युद्धाच्या बाजूने होते, तिन्ही असलेल्यांपैकी ८६ टक्के! ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या वार्तांकनातल्या उणिवा मान्य केल्या त्या मे २००४ मध्ये. तोवर युद्ध सुरू होऊन वर्ष उलटले होते.

म्हणून आपल्याला कळकळीची विनंती:

१. युद्धाची ‘ब्रेकिंग’ बातमी त्याच रात्री पुढे पाठवू नका. संरक्षण किंवा परराष्ट्र मंत्रालयाचे अधिकृत निवेदन येईपर्यंत थांबा.

२. सरकारही आपल्या सोयीचे तेवढेच सांगू शकते. म्हणून एकच बातमी परस्परविरोधी भूमिकांच्या दोन वृत्तपत्रांत वाचा.

३. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ म्हटले की विचारा: कोणते सूत्र? दृश्य कुठले, कधीचे?

४. खोटी बातमी दिसली तर वाहिनीकडे लेखी तक्रार करा. २०२१ च्या नियमांनुसार वाहिनीने १५ दिवसांत ती निकाली काढायची असते. उत्तर पटले नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे दाद मागा.

५. वाचनालयांनी, महाविद्यालयांनी आणि गणेश मंडळांनी बातमी पडताळण्याचे वर्ग घ्यावेत.

पुढचे संकट सांगून येणार नाही. ते आल्यावर शहाणपण सुचत नाही, म्हणून आजच घरात, सोसायटीच्या ग्रुपवर, कट्ट्यावर पडताळल्याशिवाय बातमी पुढे न पाठवण्याचा नियम ठरवून टाका. सीमेवर आपलीच मुले उभी आहेत. त्यांना लढायला पाठवायचे की परत बोलवायचे, याबद्दलचे आपले मत खोट्या बातमीवर बनू देऊ नका.